महाराष्ट्राच्या सीमा व जिल्ह्यांची पुनर्रचना

महाराष्ट्राच्या सीमा व जिल्ह्यांची पुनर्रचना ही विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आलेली प्रशासकीय व राजकीय प्रक्रिया आहे. तिचे दोन टप्पे स्पष्टपणे दिसतात. पहिल्या टप्प्यात तीन वेगवेगळ्या राजवटींखाली विभागलेला मराठी भाषकांचा प्रदेश एकत्र येऊन १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. दुसऱ्या टप्प्यात राज्याची बाह्य सीमा स्थिर राहिली, मात्र जिल्ह्यांची संख्या २६ वरून ३६ झाली. पहिल्या टप्प्याचा आधार भाषा हा होता, तर दुसऱ्याचा आधार प्रामुख्याने अंतर हा होता. तालुक्याच्या गावापासून जिल्ह्याच्या मुख्यालयापर्यंत पोहोचण्यास नागरिकाला किती वेळ व किती खर्च लागतो, हा प्रश्न बहुतेक विभाजनांच्या मुळाशी आढळतो. नव्या जिल्ह्याची अधिसूचना निघाल्याने हा प्रश्न सुटतोच असे नाही. कार्यालये, बँका व मतदारसंघ यांच्या सीमा जिल्ह्याच्या सीमेबरोबर बदलल्या नाहीत, तर जिल्हा नकाशावर वेगळा होतो आणि व्यवहारात मात्र जुन्या जिल्ह्याशी बांधलेला राहतो.

कायदेशीर चौकट

राज्याची सीमा आणि जिल्ह्याची सीमा बदलण्याचे अधिकार वेगवेगळ्या संस्थांकडे आहेत. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३ नुसार नवे राज्य निर्माण करणे, राज्याचे क्षेत्र वाढवणे वा कमी करणे, सीमा किंवा नाव बदलणे हे संसदेच्या अधिकारात येते. असे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीनेच मांडता येते व त्यापूर्वी ते संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मत जाणून घेण्यासाठी पाठवले जाते. विधिमंडळाचे मत संसदेवर बंधनकारक नसते.

जिल्ह्याच्या बाबतीत प्रक्रिया सोपी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ४ अन्वये राज्य शासन राजपत्रात अधिसूचना प्रसिद्ध करून जिल्हे, उपविभाग व तालुके निर्माण करू शकते, त्यांच्या सीमा बदलू शकते, ते एकमेकांत विलीन करू शकते अथवा त्यांना नवे नाव देऊ शकते. यासाठी विधिमंडळात स्वतंत्र कायदा करावा लागत नाही. त्यामुळे जिल्हानिर्मितीचा निर्णय मंत्रिमंडळाच्या इच्छेवर व राज्याच्या आर्थिक स्थितीवर अवलंबून असतो.

पूर्वपीठिका

स्वातंत्र्यापूर्वी आजचा महाराष्ट्र तीन मोठ्या प्रशासकीय प्रदेशांत व अनेक लहान संस्थानांत विभागलेला होता. कोकण, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्राचा मोठा भाग मुंबई इलाख्यात होता. नागपूर, वर्धा, भंडारा व चांदा हे जिल्हे मध्य प्रांतात होते. वऱ्हाड हा निजामाच्या मालकीचा, पण १८५३ पासून ब्रिटिशांच्या ताब्यात असलेला प्रदेश होता. १९०२ च्या करारानंतर तो ब्रिटिशांकडे कायमच्या पट्ट्याने आला आणि १९०३ मध्ये प्रशासनाच्या दृष्टीने मध्य प्रांताला जोडला गेला. मराठवाडा हा हैदराबाद संस्थानाचा भाग होता.

या प्रदेशांची महसुलाची पद्धतही एक नव्हती. मुंबई इलाख्यात रयतवारी होती, नागपूरकडील जिल्ह्यांत मालगुजारी होती, तर मराठवाड्यात दिवाणी मुलखाबरोबर जहागिरींचा मुलूख होता. तीन भागांतील जमिनीच्या नोंदी, पदांची नावे व अपिलांच्या पायऱ्या वेगवेगळ्या होत्या. राज्यनिर्मितीनंतर काही वर्षांनी, १५ ऑगस्ट १९६७ पासून जमीन महसूल संहिता लागू झाली, तेव्हा या विषयात राज्यभर एकच कायदा आला.

जिल्ह्यांचे विभाजन व विलीनीकरण ब्रिटिश काळातही होत असे. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे दोन भाग करण्यात आले. वऱ्हाडात याच्या उलट घडले. तेथे अमरावती, अकोला, एलिचपूर (अचलपूर), बुलढाणा, वाशीम व वणी असे सहा जिल्हे होते. १९०५ मध्ये त्यांची फेरमांडणी होऊन अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ हे चारच जिल्हे उरले. वाशीम व अचलपूर यांचे जिल्ह्याचे स्थान गेले. वाशीमला ते ९३ वर्षांनी, १९९८ मध्ये परत मिळाले, तर अचलपूरची मागणी आजही प्रलंबित आहे.

राज्याची घडण (१९४८–१९६०)

संस्थानांचे विलीनीकरण

मार्च १९४८ मध्ये दक्षिण महाराष्ट्रातील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी विलीन होऊन त्याचा स्वतंत्र जिल्हा बनला. फलटण व औंध हे प्रदेश साताऱ्याला, अक्कलकोट सोलापूरला, भोरचा मुख्य भाग पुण्याला, जंजिरा कुलाब्याला, जव्हार ठाण्याला व सावंतवाडी रत्नागिरीला जोडण्यात आले. सांगली, मिरज आदी संस्थानांचा प्रदेश आणि जुन्या सातारा जिल्ह्याचा काही भाग मिळून १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे करण्यात आले. संस्थानी मुलखांचे तुकडे एकमेकांत विखुरलेले असल्यामुळे या विलीनीकरणात अनेक गावांचे तालुके बदलले.

हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मधील कारवाईनंतर भारतात आले. त्याचे मात्र लगेच विभाजन झाले नाही. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच राहिला.

भाषावार प्रांतरचना व १९५६ चा कायदा

दार आयोगाने १९४८ मध्ये केवळ भाषेच्या आधारावर राज्ये निर्माण करण्यास प्रतिकूल मत दिले. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल व पट्टाभी सीतारामय्या यांच्या समितीनेही सावध भूमिका घेतली. महाराष्ट्रातील नेत्यांमध्ये याआधीपासून वाटाघाटी चालू होत्या. ऑगस्ट १९४७ मध्ये अकोला करार झाला. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ व मराठवाडा यांना निधी, शिक्षण व नोकऱ्यांमध्ये न्याय्य वाटा देण्याचे आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात घेण्याचे आश्वासन देण्यात आले.

फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल सादर केला. त्यात मुंबईसह गुजराती व मराठी भाषकांचे द्विभाषिक राज्य आणि विदर्भाचे वेगळे राज्य अशी शिफारस होती. मराठवाडा द्विभाषिकात येणार होता. संसदेने केलेल्या राज्य पुनर्रचना कायद्यात विदर्भही द्विभाषिकात घेण्यात आला व १ नोव्हेंबर १९५६ रोजी मोठे मुंबई राज्य अस्तित्वात आले.

या कायद्याने सध्याच्या महाराष्ट्राच्या दक्षिण व पूर्व सीमा बहुतांशी निश्चित केल्या. विजापूर, धारवाड व कारवार (उत्तर कानडा) हे जिल्हे आणि चंदगड तालुका वगळून उरलेला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याकडे गेला. चंदगड कोल्हापूरला जोडला गेला. मध्य प्रदेशातून बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा व चांदा हे आठ जिल्हे आले. हैदराबाद राज्यातून औरंगाबाद, परभणी, बीड व उस्मानाबाद हे जिल्हे आणि काही मंडळे वगळून नांदेड जिल्हा आला. बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके तसेच आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुकेही याच वेळी मुंबई राज्यात आले. राजुरा तालुका आरंभी नांदेड जिल्ह्यात होता. १९५९ मध्ये तो चांदा जिल्ह्याला जोडण्यात आला.

१ मे १९६०

संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात झाली. या चळवळीत शंभराहून अधिक आंदोलकांना प्राण गमवावे लागले. मुंबई पुनर्रचना कायदा, १९६० नुसार १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये झाली. डांग जिल्हा गुजरातकडे गेला. ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातील, तसेच पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा व तळोदा या तालुक्यांतील काही गावेही गुजरातला देण्यात आली. तापी व नर्मदेच्या खोऱ्यांतील आदिवासी वस्त्यांमधून ही सीमा जाते. येथील भिल्ली बोलींना मराठी वा गुजराती असे एकच नाव देणे कठीण असल्याने भाषेचा निकष या भागात पुरेसा ठरला नाही.

अनिर्णित सीमा

बेळगाव सीमाप्रश्न हा १९५६ च्या कायद्यातून निर्माण झालेला व आजही न सुटलेला वाद आहे. केंद्र शासनाने १९६६ मध्ये न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांचा एकसदस्यीय आयोग नेमला. आयोगाने १९६७ मध्ये दिलेल्या अहवालात निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत व बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवावे अशी शिफारस केली. महाराष्ट्राने हा अहवाल अमान्य केला. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

महाराष्ट्राचा युक्तिवाद पाटसकर सूत्रावर आधारलेला आहे. आंध्र प्रदेश व मद्रास यांच्यातील सीमा ठरवताना हरी विनायक पाटसकर यांनी गाव हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि भौगोलिक सलगता ही तत्त्वे वापरली होती. घटक कोणता मानावा, हा या वादाचा गाभा आहे. १९५६ मध्ये जिल्हा किंवा तालुका हा घटक मानला गेल्यामुळे मराठी बहुसंख्येची अनेक गावे पलीकडे राहिली. गाव हा घटक मानल्यास वेगळी रेषा निघते.

गोव्याच्या बाबतीत निर्णय मतदानाने झाला. १६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलात गोव्यातील मतदारांनी महाराष्ट्रात विलीन होण्याचा पर्याय नाकारला. ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र राज्य झाले.

स्थापनेच्या वेळचे जिल्हे

राज्याच्या स्थापनेच्या वेळी मुंबई, पुणे, नागपूर व औरंगाबाद हे चार महसुली विभाग व २६ जिल्हे होते. बृहन्मुंबई, ठाणे, कुलाबा, रत्नागिरी, नाशिक, धुळे, जळगाव, अहमदनगर, पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड, उस्मानाबाद, बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा व चांदा हे ते जिल्हे होत. धुळे व जळगाव यांची नावे त्या वेळी अनुक्रमे पश्चिम खानदेश व पूर्व खानदेश अशी होती. ती १९६० मध्येच बदलण्यात आली. पुढे नाशिक व अमरावती हे विभाग नव्याने झाले व विभागांची संख्या सहा झाली.

१९६० नंतरचे नवे जिल्हे

स्थापनेनंतर २१ वर्षे एकही नवा जिल्हा झाला नाही. १९८१ पासून पुढील दहा जिल्हे निर्माण झाले.

| क्रमांक | नवा जिल्हा | निर्मिती | मूळ जिल्हा |
|---|---|---|---|
| २७ | सिंधुदुर्ग | १ मे १९८१ | रत्नागिरी |
| २८ | जालना | १ मे १९८१ | औरंगाबाद (परतूर परिसर परभणीतून) |
| २९ | लातूर | १६ ऑगस्ट १९८२ | उस्मानाबाद |
| ३० | गडचिरोली | २६ ऑगस्ट १९८२ | चंद्रपूर |
| ३१ | मुंबई उपनगर | १९९० | बृहन्मुंबई |
| ३२ | वाशीम | १ जुलै १९९८ | अकोला |
| ३३ | नंदुरबार | १ जुलै १९९८ | धुळे |
| ३४ | हिंगोली | १ मे १९९९ | परभणी |
| ३५ | गोंदिया | १ मे १९९९ | भंडारा |
| ३६ | पालघर | १ ऑगस्ट २०१४ | ठाणे |

या दहांपैकी आठ जिल्हे दोन लहान कालखंडांत झाले. चार १९८१–८२ मध्ये बॅ. अ. र. अंतुले व बाबासाहेब भोसले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, तर चार १९९८–९९ मध्ये मनोहर जोशी व नारायण राणे यांच्या काळात झाले. विदर्भ व मराठवाडा यांना प्रत्येकी तीन नवे जिल्हे मिळाले, कोकण विभागालाही तीन मिळाले व खानदेशाला एक मिळाला. पुणे विभागातील पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर या जिल्ह्यांची संख्या १९६० पासून बदललेली नाही.

विभाजनाची कारणे

अंतर

चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे २५,८५५ चौरस किलोमीटर आहे. १९८२ पूर्वी हा सारा प्रदेश एका जिल्हाधिकाऱ्याच्या अखत्यारीत होता. दक्षिण टोकाच्या सिरोंचा येथील रहिवाशाला चंद्रपूरला जाऊन यावयाचे तर मुक्काम केल्याखेरीज काम होत नसे. विभाजनानंतर अंतर कमी झाले, पण सिरोंचा ते गडचिरोली हा रस्ताही दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे व पावसाळ्यात नद्या-नाल्यांच्या पुरामुळे या भागातील वाहतूक वारंवार खंडित होते. त्यामुळे अहेरी हा वेगळा जिल्हा करण्याची मागणी पुढे आली. रत्नागिरी जिल्ह्याची लांबट किनारपट्टी व दक्षिणेकडील सावंतवाडीचा जुना संस्थानी मुलूख ही सिंधुदुर्गच्या निर्मितीमागील कारणे होती.

आदिवासी प्रदेश

नंदुरबार, गडचिरोली व पालघर हे तीन जिल्हे आदिवासी बहुल तालुक्यांना मुख्यालय जवळ आणण्यासाठी मांडले गेले. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. धुळे जिल्ह्याचा निधी व प्रशासनाचे लक्ष सपाटीवरील शेती व शहरे यांच्याकडे अधिक जाते, सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा हे तालुके मागे राहतात, अशी तक्रार होती.

लोकसंख्या

ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये १,१०,६०,१४८ इतकी होती. त्या वेळी तो देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. एकीकडे ठाणे, कल्याण, उल्हासनगर यांसारखी दाट शहरे आणि दुसरीकडे जव्हार-मोखाड्याचे डोंगराळ पाडे, अशा दोन अगदी भिन्न प्रदेशांचा कारभार एकाच कार्यालयातून चाले. विभाजनानंतर ठाण्यात सात व पालघरमध्ये आठ तालुके आले.

मुख्यालय कोठे असावे यावरून मात्र मतभेद होते. जव्हार हे डोंगराळ तालुक्यांच्या मध्यभागी असल्याने तेथे मुख्यालय व्हावे अशी मागणी होती. प्रत्यक्षात पश्चिम रेल्वेच्या मार्गावरील पालघरची निवड झाली. वसई व डहाणू यांना ते सोयीचे झाले. मोखाड्याच्या रहिवाशाला मात्र आजही जव्हार व विक्रमगड ओलांडून घाट उतरून पालघर गाठावे लागते. ज्या तालुक्यांच्या मागासलेपणाचे कारण विभाजनासाठी दिले गेले, त्यांच्याच वाट्याला विभाजनाचा लाभ तुलनेने कमी आला.

अधिसूचनेनंतरचा जिल्हा

जिल्हा स्थापन झाल्यावर जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, जिल्हा परिषद, जिल्हा नियोजन समिती, जिल्हा रुग्णालय, जिल्हा न्यायालय, भूमी अभिलेख अशी अनेक कार्यालये उभी करावी लागतात. त्यांपैकी जिल्हाधिकारी पहिल्या दिवशी रुजू होतो, इतर कार्यालये आपापल्या गतीने येतात. पालघर येथील मुख्यालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन २०२१ मध्ये, म्हणजे जिल्हा झाल्यानंतर सात वर्षांनी झाले. सिंधुदुर्गचे मुख्यालय कोणत्याही जुन्या शहरात न ठेवता ओरोस येथे सिंधुदुर्गनगरी वसवून करण्यात आले.

सहकारी बँका

शेतकऱ्याच्या दृष्टीने जिल्ह्याची सर्वांत महत्त्वाची संस्था म्हणजे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक होय. गावातील विविध कार्यकारी सेवा सोसायटीला पीक कर्जाचा पैसा या बँकेकडून मिळतो. राज्यात ३६ जिल्हे असले तरी अशा बँका ३१ आहेत. मुंबईचे दोन जिल्हे एका बँकेखाली येतात. त्याखेरीज वाशीम अकोल्याच्या, हिंगोली परभणीच्या, नंदुरबार धुळ्याच्या व पालघर ठाण्याच्या बँकेशी जोडलेले आहेत. १९८०च्या दशकातील सिंधुदुर्ग, जालना, लातूर व गडचिरोली या जिल्ह्यांना आपापली बँक मिळाली. १९९८ नंतरच्या पाच जिल्ह्यांपैकी केवळ गोंदियाला ती मिळाली. नवी बँक उभी करण्यासाठी जुन्या बँकेच्या ठेवी, थकबाकी व भागभांडवल यांची वाटणी करावी लागते आणि थकबाकी आपल्या वाट्याला यावी असे कोणत्याच बाजूला वाटत नाही. परिणामी हिंगोलीच्या शेतकऱ्याला कर्ज देणाऱ्या बँकेचे मुख्य कार्यालय २५ वर्षांनंतरही परभणीतच आहे.

मतदारसंघ

विधानसभेचे २८८ व लोकसभेचे ४८ मतदारसंघ २००१ च्या जनगणनेच्या आधारे आखलेले असून ते २००९ च्या निवडणुकांपासून लागू झाले. लोकसभेच्या अनेक मतदारसंघांनी जिल्ह्यांच्या सीमा ओलांडल्या आहेत. अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्याचे दोन विधानसभा मतदारसंघ यवतमाळ-वाशीम लोकसभा मतदारसंघात आहेत, तर रिसोड अद्याप अकोला लोकसभा मतदारसंघात आहे. हिंगोली लोकसभा मतदारसंघात नांदेड व यवतमाळ जिल्ह्यांतील विधानसभा मतदारसंघ येतात. गडचिरोली-चिमूर हा मतदारसंघ गडचिरोली, चंद्रपूर व गोंदिया या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. पालघरमध्ये याच्या उलट क्रम दिसतो. तेथे लोकसभा मतदारसंघ आधी आला व जिल्हा पाच वर्षांनी झाला.

संख्यात्मक तुलना

१९६० मध्ये राज्यातील एका जिल्ह्याचे सरासरी क्षेत्रफळ सुमारे ११,८०० चौरस किलोमीटर होते. आज राज्याच्या ३,०७,७१३ चौरस किलोमीटर क्षेत्राला ३६ ने भागल्यास ते सुमारे ८,५०० येते. म्हणजे मुख्यालय सरासरीने जवळ आले. लोकसंख्येचे गणित मात्र उलट आहे. १९६१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सुमारे ३.९५ कोटी, म्हणजे प्रत्येक जिल्ह्यास सरासरी १५ लाख होती. २०११ मध्ये ती ११.२४ कोटी झाली. आजचे ३६ जिल्हे धरले तरी सरासरी ३१ लाखांहून अधिक येते. दहा जिल्हे वाढूनही एका जिल्हाधिकाऱ्यामागील नागरिकांची संख्या दुप्पट झाली आहे.

२०११ च्या लोकसंख्येवरच तुलना केली तर हे प्रमाण उत्तर प्रदेशातील ७५ जिल्ह्यांत सुमारे २७ लाख, कर्नाटकातील ३१ जिल्ह्यांत सुमारे २० लाख, तर पश्चिम बंगालमधील २३ जिल्ह्यांत सुमारे ४० लाख आहे. तेलंगणाने २०१६ मध्ये १० जिल्ह्यांचे ३१ व २०१९ मध्ये ३३ जिल्हे केले. तेथे प्रत्येक जिल्ह्यामागे सुमारे साडेदहा लाख लोक येतात. हैदराबाद संस्थानाचा वारसा असलेले तेलंगणा व मराठवाडा हे शेजारी प्रदेश या बाबतीत दोन टोकांना आहेत.

सरासरीतून शहरी व ग्रामीण जिल्ह्यांतील फरक झाकला जातो. मुंबई शहर जिल्ह्याचे क्षेत्रफळ केवळ १५७ चौरस किलोमीटर आहे, तर अहिल्यानगरचे १७,००० चौरस किलोमीटरहून अधिक आहे. मुंबई शहर व मुंबई उपनगर या जिल्ह्यांत जिल्हा परिषद नाही, त्यामुळे राज्यातील जिल्हा परिषदांची संख्या ३४ आहे.

प्रादेशिक असमतोल व मोजमापाचा घटक

जिल्ह्याची सीमा केवळ कारभारासाठी नसते, विकासाचे मोजमापही तिच्यावर अवलंबून असते. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये जिल्हा हा घटक धरून सिंचन, रस्ते, शिक्षण आदी क्षेत्रांतील अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये ठरवला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) अन्वये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

जिल्हा हा घटक धरल्यास समृद्ध जिल्ह्यातील मागास तालुका आकडेवारीत दिसत नाही. सातारा किंवा सांगली जिल्ह्याची सरासरी चांगली असली, तरी माण, जत यांसारख्या दुष्काळी तालुक्यांची स्थिती तिच्यातून कळत नाही. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे तालुका हा घटक धरण्याचा प्रश्न आला, तेव्हा विदर्भ व मराठवाड्यातून त्याला विरोध झाला. तालुक्याच्या मोजमापाने पश्चिम महाराष्ट्रातील तालुकेही अनुशेषात वाटेकरी होतील, अशी भीती त्यामागे होती. सीमाप्रश्नात गाव की तालुका हा जो वाद आहे, त्याचेच हे अंतर्गत रूप आहे.

नामांतरे

१९६४ मध्ये चांदा जिल्ह्याचे नाव चंद्रपूर व १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड असे झाले. २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव, तर २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर असे नामांतर झाले. नामांतराने जिल्ह्याच्या सीमा, मुख्यालय किंवा अधिकारक्षेत्र यांत बदल होत नाही.

प्रलंबित मागण्या व सद्यस्थिती

मालेगाव, बारामती, उदगीर, अंबाजोगाई, किनवट, पुसद, खामगाव, अचलपूर, चिमूर, अहेरी, जव्हार, महाड व माणदेश येथून वेगळ्या जिल्ह्याची मागणी वेळोवेळी झाली आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या विभाजनाची मागणी जुनी असूनही, मुख्यालय संगमनेर, श्रीरामपूर की शिर्डी या वादात ती अडकली आहे. चिमूरची मागणी १९४२ च्या उठावाच्या स्मृतीशी जोडलेली आहे. मराठवाड्यात दुसरे महसुली आयुक्तालय नांदेडला व्हावे की लातूरला, यावरूनही मतभेद आहेत.

नव्या जिल्ह्याचा खर्च मोठा असल्याने काही ठिकाणी मधला मार्ग स्वीकारण्यात आला. मालेगाव येथे अपर जिल्हाधिकारी कार्यालय आहे. जव्हार येथेही पालघर जिल्हा होण्यापूर्वी असे कार्यालय होते. न्यायव्यवस्थेत याच दिशेचे पाऊल म्हणजे कोल्हापूर येथील मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ. ते १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी सुरू झाले. सीमा न बदलता संस्था लोकांजवळ नेता येते, हे त्यातून दिसते. सातबारा उतारा व अनेक दाखले संगणकावर मिळू लागल्याने मुख्यालयाच्या काही फेऱ्या कमी झाल्या आहेत. अपिलाची सुनावणी, जिल्हा रुग्णालयातील उपचार व जात पडताळणीतील प्रत्यक्ष हजेरी यांसाठी मात्र अंतराचे महत्त्व कायम आहे.

जनगणनेपूर्वी प्रशासकीय सीमा गोठवल्या जातात. २०२७ च्या जनगणनेसाठी ही मुदत ३१ डिसेंबर २०२५ अशी ठरवण्यात आली. त्यानंतर जनगणनेचे काम पूर्ण होईपर्यंत जिल्हे वा तालुके यांच्या सीमांत बदल करता येत नाहीत. त्यामुळे नव्या जिल्ह्यांचा विचार पुढील जनगणनेच्या आकड्यांवर होईल. त्या वेळी जिल्हे किती व्हावेत या प्रश्नाबरोबरच, वाशीम, हिंगोली, नंदुरबार व पालघर यांना त्यांच्या संस्था पूर्णपणे केव्हा मिळणार, हा जुना प्रश्नही शासनापुढे असेल.